२६ ते ४५

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. "तुझ्या वडिलांच्या आजीचं नाव काय?" एवढाच. विचारताना त्यांनी मान वरही केली नव्हती. सफरचंदं सोलत होत्या. साल शेवटपर्यंत न तुटता उतरवायची अशी त्यांची स्वतःशीच पैज असते. मी "अं..." केलं, मग "पणजी म्हणायचो आम्ही" असं काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "पणजी! छान नाव आहे," आणि हात पुसून टेबलावरच्या वंशावळीच्या लांबलचक कागदावरच्या एका चौकोनात ते लिहूनही टाकलं. मी दुरुस्त केलं नाही. घरी आले, भांडी लावली, नवऱ्याशी हीटर किती अंशांवर ठेवायचा यावरून नेहमीचा वाद घातला, झोपले. आणि पहाटे तीनला टक्क जागी. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर दिवाळी अंकांबरोबर पुण्याहून आलेलं कालनिर्णय समोर. पितृपक्ष चालू होता.

बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. मला नावाने हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते मला वीस वर्षांत जमलेलं नाही. तोंडाने मी काहीच हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. मनात त्या 'बाई'च आहेत, माझ्या शाळेतल्या बाईंसारख्या. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक मेपल आहे आणि त्याची पानं कुणी गोळा करायची यावर आमचा अलिखित करार आहे. ओहायोतल्या ग्रॅनव्हिल या गावापासून आम्ही वीसेक मिनिटांवर राहतो. त्यांचा खापरपणजोबा, की त्याच्याही वरचा कुणी (त्यांना ते पाठ आहे, माझ्या लक्षात राहत नाही), १८०५ साली बैलगाडीतून त्या गावात आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहीन म्हटल्यावर त्यांनी तेवढी एकच अट घातली. तेच आडनाव लावणारा त्यांचा नातू राजकारणात पडायचं म्हणतोय.

मी त्यांच्या घराण्याच्या या शोधात ओढले गेले ती त्यांच्या मोतीबिंदूमुळे. जुनी कागदपत्रं आता घरबसल्या संगणकावर दिसतात, पण ती दिसतात म्हणजे वाचता येतात असं नाही. पिवळट पडद्यावर तपकिरी शाई, दोन 'एस' एकापुढे एक आले की पहिला 'एफ'सारखा, ओळ संपत आली म्हणून कोंबलेली अक्षरं. मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात मोडी शिकले होते. पुढे त्या मोडीचा मला काडीचा उपयोग झाला नाही, पण वाकड्या अक्षराची भीती कायमची गेली. बाईंनी एकदा एक पान दाखवून "हे काय असेल?" असं विचारलं, मी सहज वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून दर बुधवारी दुपारी त्यांचं टेबल, माझा चश्मा, आणि दालचिनीचा वास.

गाव कसं वसलं ती गोष्ट इथे सगळ्यांना पाठ असते. मॅसॅच्युसेट्समध्ये डोंगरावर एक ग्रॅनव्हिल आहे. जमीन दगडांची, थंडी हाडं गोठवणारी, आणि घरटी आठ-आठ दहा-दहा मुलं. तिसऱ्या पिढीपर्यंत वाटण्या होऊन शेताचे रुमाल झालेले. ओहायो १८०३ मध्ये राज्य झालं होतं, जमीन स्वस्त होती. मग गावातल्या लोकांनी कंपनी काढली, पुढे माणसं पाठवून जागा बघितली, विकत घेतली, आणि निघायच्या आधीच चर्चची मंडळीसुद्धा रीतसर स्थापन केली. म्हणजे देव गाडीत घालूनच निघाले. बैलगाड्या, सातशे मैलांच्या आसपास अंतर, पुढ्यात पेनसिल्व्हेनियाचे डोंगर. नोव्हेंबरात पोचले. पहिल्या रविवारी झाडांखालीच प्रार्थना झाली. आणि शेजारच्या टेकड्यांवर त्याआधी येऊन राहिलेला एक वेल्श शेतकरी, थिओफिलस रीस, हरवलेल्या गाई शोधत फिरत होता, त्याला रानातून गाणं ऐकू आलं, असं सांगतात. गावाचं नाव त्यांनी सोडून आलेल्या गावाचंच ठेवलं. मला हे नेहमीच थोडं केविलवाणं वाटत आलंय. आमच्या इथल्या कितीतरी घरांवर 'सह्याद्री' नाहीतर 'कृष्णाई' अशी पाटी आहे, त्यामुळे मी फार बोलत नाही.

तर हा पूर्वज. त्याच्याबद्दल खूप सापडतं. जमिनीचा दस्त सापडतो, चर्चच्या वहीत नाव सापडतं, रस्त्यावर काम न केल्याबद्दल दंड भरलेला सापडतो (बाईंना तो फार आवडतो). १८३८ मध्ये तो गेला तेव्हा तीन शेजाऱ्यांनी घरात फिरून एकेक वस्तू मोजली आणि किंमत लावली, तो कागद तर मी तीन बुधवार वाचत होते. दोन कुऱ्हाडी, एकीचा दांडा मोडका. लोखंडी कढई. मधमाश्यांच्या दोन पेट्या. जुनी खोगिरं. ओहायोच्या कायद्याने काही वस्तू विधवेसाठी आणि मुलांसाठी बाजूला काढून ठेवायच्या असत, घेणेकऱ्यांना त्यांना हात लावता येत नसे: चरखे, माग, कुटुंबाचं बायबल, एक गाय. ती यादी वेगळ्या शाईत आहे. वाचता वाचता मला अचानक ते घर दिसलं; थंड, धुरकट, पुरुषमाणसं बूट न काढता खोल्याखोल्यांतून फिरताहेत, चमचे मोजताहेत, आणि एक बाई भिंतीला पाठ लावून उभी आहे.

ही बाई कोण, हेच तर सापडत नाही.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८५० च्या आधी घरातल्या फक्त कर्त्याचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयाचे रकाने आणि त्यांत आकडे. ओहायोची १८१० ची जनगणना एक काउंटी सोडली तर नाहीशीच झाली आहे, म्हणून १८२० पासून सुरुवात करावी लागते. ते पान आम्ही उघडलं तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होता. डावीकडे पूर्वजाचं नाव, ऐटीत, फाटे मारलेलं. मग पुरुषांचे रकाने. मग स्त्रियांचे: दहाच्या आतल्या, दहा ते सोळा, सोळा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस, त्यावरच्या. '२६ ते ४५' या रकान्यात एक उभी रेघ. इंग्रजी एकचा आकडा म्हणजे रेघच की. बाईंनी भिंग पडद्याजवळ नेलं (संगणकाच्या पडद्याला भिंग लावणारी मी पाहिलेली ही एकमेव व्यक्ती) आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. "ही ती," म्हणाल्या. "निदान रेघ तरी आहे."

१८३० च्या पानावर ती रेघ पुढच्या रकान्यात सरकलेली. १८४० मध्ये आणखी पुढे, आता मुलाच्या नावाखाली. १८५० मध्ये ओहायोत पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं, बायकांचं, तान्ह्या मुलांचं, सगळ्यांचं. आणि ही १८४९ मध्ये वारली. एक वर्ष! त्या घरातल्या चार महिन्यांच्या पणतीचं नाव आहे आणि हिचं नाही. वंशावळ शोधणारे लोक अशा ठिकाणाला 'ब्रिक वॉल' म्हणतात. बाई अकरा वर्षं या भिंतीसमोर उभ्या आहेत.

पहिलं नाव मात्र आहे. ते दगडावर आहे. ग्रॅनव्हिलमध्ये ओल्ड कॉलनी म्हणून जुनी दफनभूमी आहे, तिथे आम्ही एप्रिलमध्ये गेलो. गवत ओलं, चिखलात बूट रुतताहेत, रॉबिन पक्षी थडग्यांवर बसून गांडुळांची वाट बघताहेत. वालुकाश्माचा दगड पावणेदोनशे हिवाळ्यांनी इतका खरवडला गेलाय की बोट फिरवलं तर वाळू हाताला लागते. बाईंनी पिशवीतून आरसा काढला; न्हाणीघरातला, चौकट नसलेला. खडू फासू नये, शेव्हिंगचा फेस लावू नये, दगड खराब होतो, असं त्या मला दरडावून सांगत होत्या. मला दगडापासून चार पावलं उजवीकडे उभं केलं आणि उन्हाचा कवडसा दगडाच्या पृष्ठभागावरून आडवा सरकवायला लावला. समोरून बघितलं तर कोरा दिसणारा दगड, उजेड आडवा पडल्याबरोबर बोलायला लागला. वर एक विलोचं झाड, फांद्या खाली सोडलेल्या. खाली नाव. त्याच्याखाली 'रेलिक्ट', आणि नवऱ्याचं नाव. रेलिक्ट म्हणजे विधवा, पण शब्दाचा मूळ अर्थ मागे राहिलेली, उरलेली. पुरातत्त्वात 'अवशेष' म्हणतो त्याच जातकुळीतला शब्द. मग वय: ६५ वर्षं, २ महिने, ११ दिवस. तेव्हा वय असंच दिवसांपर्यंत मोजून कोरत. त्यामुळे गंमत बघा, ती कोणत्या तारखेला जन्मली हे काढता येतं, १७८४ सालचा वसंत. एखाद्याने पत्रिका मांडावी इतकं नेमकं. पण ती कुणाची मुलगी हे त्या दगडावर नाही. १८४९ चा उन्हाळा ओहायोत कॉलऱ्याचा होता. तिला कॉलऱ्याने नेलं की म्हातारपणाने, तेही दगड सांगत नाही.

कवडसा धरून माझा हात भरून आला होता. तेवढ्यात मला आमचा कुलवृत्तांत आठवला.

चिपळूणजवळच्या आमच्या मूळ गावापासून सुरू होणारा तो जाडजूड ग्रंथ आमच्या पुण्याच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर असे. लहानपणी आम्ही सुट्टीत त्यात स्वतःचं नाव शोधायचो. भावाचं सापडायचं. माझं, मी त्या आवृत्तीनंतर जन्मले म्हणून नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा आहे, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. त्यात पणजोबांची नोंद मला अजून जशीच्या तशी आठवते: 'शेती. विवाहित. तीन पुत्र.' पूर्णविराम. त्या 'विवाहित'मध्ये माझी पणजी कुठेतरी आहे, सव्वीस ते पंचेचाळीसच्या रकान्यात असावी तशी. अमेरिकन सरकारने निदान बाईंच्या त्या बाईसाठी एक आकडा खर्च केला होता.

आणि मूळपुरुष. त्याच्यावर मात्र दीड पान होतं. त्याने 'निबिड अरण्य तोडून वस्ती केली.' ग्रॅनव्हिलच्या गोष्टीतही अगदी हेच आहे, फक्त तिथे बीच जातीची झाडं आहेत. हे अरण्य कुणाचं होतं, ही ओळ आमच्या ग्रंथातही नाही. ग्रॅनव्हिलहून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर न्यूअर्कला मातीचे प्रचंड वर्तुळाकार आणि अष्टकोनी बांध आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. चंद्र कुठे उगवतो याचा अठरा-एकोणीस वर्षांचा फेरा पाहून बांधलेले. २०२३ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात शॉनी, डेलावेअर, वायंडॉट आणि इतरांकडून ओहायोचा बराचसा भाग काढून घेतला गेला, आणि दहाच वर्षांत मॅसॅच्युसेट्सच्या गाड्या आल्या. बाईंच्या आईने टंकलिखित करून ठेवलेल्या घराण्याच्या इतिहासात पहिलं वाक्य होतं, 'या भूमीवर पाऊल ठेवणारे पहिले'. बाईंनी त्यातल्या 'पहिले'वर पेन्सिलीने रेघ मारली आहे. शाईने नाही, आईचा टाइप आहे, मन होत नाही म्हणाल्या. मी आमच्या कुलवृत्तांतावर पेन्सिलसुद्धा चालवलेली नाही. खोतांच्या घरातल्या माणसाला 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ लहानपणापासून ठाऊक असतात, आणि दुसऱ्या अर्थाच्या माणसांचा वृत्तांत कुणी छापत नाही, हेही.

मॅसॅच्युसेट्सच्या त्या जुन्या ग्रॅनव्हिलबद्दल वाचता वाचता मात्र मला एक माणूस भेटला आणि मी बुधवारची वाट न बघता बाईंचं दार वाजवलं. गॉर्डन हॉल. मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक. फेब्रुवारी १८१३ मध्ये उतरला, कंपनी सरकार त्याला परत घालवायला टपलेलं, तरी चिवटपणे राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली ती त्याच्याच हयातीत. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकला जाऊन परतताना वाटेत कॉलऱ्याने गेला. हा माणूस एप्रिल १७८४ मध्ये जन्मला तो टोलंडमध्ये, आणि टोलंड तेव्हा ग्रॅनव्हिलचाच भाग होतं. १७८४, वसंत, त्याच टेकड्या. म्हणजे बाईंची ती बाई आणि हा, एका वयाचे, एका गावचे. एकमेकांना ओळखत असतील, नसतीलही. एक बैलगाडीतून पश्चिमेला गेली, दुसरा जहाजातून पूर्वेला, आणि त्याने मराठी पुस्तिका वाटत नाशिक गाठलं.

नाशिक म्हटल्यावर मला हसू आलं. कारण ज्या घाटावर तो यात्रेकरूंना उपदेश करत हिंडला असेल, तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. गावाचं नाव आणि आडनाव सांगा, गुरुजी चोपडी काढतात. तुमचा खापरपणजोबा कधी आला, बरोबर कोण होतं, त्याची सही. माझे वडील एकदा जाऊन बघून आले होते. येताना चिवडा आणला आणि म्हणाले, "सगळे आहेत." मी तेव्हा बारावीत होते. सगळे म्हणजे कोण कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणि खरं तर नाशिकला जायचीही गरज नव्हती. पक्षाच्या दिवशी वडील धूतवस्त्र नेसून पाटावर बसत, जानवं उजव्या खांद्यावर घेत, बोटात दर्भाचं पवित्रक. पिता, पितामह, प्रपितामह झाले की माता, पितामही, प्रपितामही. प्रत्येकीचं नाव, गोत्र, आणि तिळासकट पाण्याची धार. पितामही म्हणजे त्यांची आजी. माझी पणजी. दर वर्षी, मोठ्याने, स्पष्ट उच्चारात, आमच्या मधल्या खोलीत तिचं नाव घेतलं जात होतं. मी आत आईबरोबर असायचे. गवारीची भाजी, कारलं, आमसुलाची चटणी, खिरीला लागू नये म्हणून सतत ढवळायचं. वडे तळायला घेतले की तेलाच्या चुरचुरीत बाहेरचं काही ऐकू येत नसे. कावळा शिवला का, एवढंच आम्ही विचारायचो, कारण त्याशिवाय जेवायला मिळत नसे.

पहाटे तीनला पाणी पीत उभी होते तेव्हा हे सगळं इतक्या नीट आठवलं असं नाही; नुसता तेलाचा आवाज आठवला. पुण्यात दुपार होती. भावाला फोन लावला. तो घाबरला, या वेळेला फोन म्हणजे काहीतरी झालं असणार. मी म्हटलं, "बाबांची ती वही आहे ना, तर्पणाची?" तो "एक मिनिट" म्हणाला आणि दहा मिनिटं गेला. फळी, कपाट, वहिनीला हाका. मग त्याने वाचून दाखवलं. नाव मी इथे लिहीत नाही. आधी घरातल्या मुलींना सांगते, मग बघू. बाबांनी ते निळ्या शाईत, ठसठशीत लिहिलंय म्हणाला.

"आणि माहेरचं?"

"माहेरचं कोण लिहितो? शिवाय हे नावच सासरचं आहे," तो म्हणाला. खरंच होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने लिहिलं गेलेलं. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत तिला घरी कोणत्या नावाने हाक मारत होते, कुठल्या गावच्या विहिरीवर तिची आई तिला ओरडत होती, हे वहीत नाही, कुलवृत्तांतात नाही, आणि सांगू शकेल असं कुणी आता उरलेलं नाही.

बुधवारी बाईंकडे गेले. चौकोनात 'PANJI' अगदी ठळक, अमेरिकन ठोकळा अक्षरांत. मी सगळं सांगितलं. पणजी हे नाव नाही, नातं आहे, आणि खरं नाव हे. त्यांनी स्पेलिंग विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, 'ळ' काही जमला नाही. आधीचं खोडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, तेही खोटं नाही. मग त्यांची पेन्सिल शेजारच्या लहान चौकोनाशी थांबली. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक बाईसाठी तो असतो, माहेरच्या नावाचा. त्यांच्या त्या बाईचाही अकरा वर्षं रिकामा आहे. मी मान हलवली. ओव्हनची घंटा वाजली तरी त्या उठल्या नाहीत. मग पेन्सिलीला टोक काढलं, कचरा तळहातात घेतला, आणि आधी त्यांच्या त्या बाईच्या आणि मग माझ्या पणजीच्या चौकोनात एकेक उभी रेघ ओढली.